एका खाटेभोवतीचे अनोळखी

महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या वैद्यकीय संकुलात जा. फाटकातून आत शिरलं की समोर वैद्यकीय महाविद्यालय, त्याच्या मागे नर्सिंगचं, पलीकडे फिजिओथेरपीचं, रस्ता ओलांडला की दंत महाविद्यालय. खासगी संस्थेचं आवार असेल तर एका कोपऱ्यात फार्मसीही. ही सगळी मुलं चार-पाच वर्षं एकाच फाटकातून ये-जा करतात, एकाच टपरीवर चहा पितात, रुग्णालयाच्या एकाच जिन्यात एकमेकांना ओलांडून जातात. एका रुग्णाच्या केसपेपरवर मिळून मान घालून ती कधी बसली का, असं विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, नाही.

मग पदव्या हातात पडतात. एका रात्री अपघात विभागात किंवा आयसीयूत या मुलांना एकदम सांगितलं जातं की आता तुम्ही एक टीम आहात. एकमेकांचं शिक्षण काय झालंय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांची टीम कशी होणार? आणि ती होईपर्यंतची किंमत खाटेवरच्या माणसाने का मोजायची?

अर्धांगवायूचा रुग्ण घ्या. साठीचा माणूस, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळतंय, घरचे भेदरलेले. पहिल्या दिवसाचा सगळ्यात साधा प्रश्न: याला पाणी पाजायचं की नाही? झटक्यानंतर अनेकांचं गिळणं बिघडतं. घोटभर पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून तोंडाने काहीही देण्याआधी गिळणं तपासायचं असतं. हे स्पीच थेरपिस्टचं काम. ते उपलब्ध नसतील तर प्रशिक्षण घेतलेली परिचारिका प्राथमिक चाचणी करू शकते. डॉक्टरांनी केसपेपरवर 'तोंडाने काही देऊ नये' असं इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. आता हे रुग्णाच्या बायकोला कोण सांगणार? तिच्या हातात घरून आणलेला पेजेचा डबा आहे.

तोंडाने काही द्यायचं नाही, मग रक्तदाबाची रोजची गोळी कशी द्यायची? कुटून, नाकातल्या नळीतून. पण काही गोळ्या कुटायच्याच नसतात. अंगात हळूहळू भिनावं म्हणून जी गोळी बनवलेली असते ती कुटली, की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. औषधनिर्मात्याला हे शिकवलेलं असतं. पण तो तळमजल्यावर काउंटरमागे उभा आहे. वर वॉर्डात त्याला कोणी बोलावलेलं नाही. बोलावलं असतं तरी तो कोणाशी बोलणार? वॉर्डातल्या एकाही डॉक्टराला तो नावाने ओळखत नाही.

कूस बदलताना लुळा हात धरून ओढला, तर खांद्याचा सैल पडलेला सांधा सरकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने राहतं. फिजिओथेरपिस्टला हे पक्कं माहीत असतं. मात्र तो दिवसातून एकदा येतो, व्यायाम देतो, वहीत नोंद करून जातो. रात्री तीन वाजता कूस बदलणारे हात सिस्टरचे, वॉर्डातल्या मावशी-मामांचे नाहीतर बायकोचे असतात. त्यांना हात कसा धरायचा हे दाखवणं आपल्या कामाचा भाग आहे, असं त्याला शिकताना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रत्येकाला आपापलं काम येतं. शेजारच्याला काय येतं, हे मात्र कोणालाच माहीत नाही. या अज्ञानावर कुठल्याच परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून ते तसंच पदवीपर्यंत जातं आणि पदवीनंतर नोकरीतही.

यावरचा उपाय जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये या विषयावर अहवाल काढला, २०१० मध्ये कृतीचा आराखडा दिला. त्यातली व्याख्या सोपी आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, आणि त्यातून रुग्णाचं भलं होतं, ते आंतरव्यावसायिक शिक्षण. आपल्याकडे याचं भाषांतर फार तर 'सगळ्यांना एका सभागृहात बसवा' इतकंच होतं. तीनशे मुलं, एक वक्ता, हात धुण्यावर व्याख्यान, शेवटी प्रमाणपत्र. एमबीबीएसवाले पुढे, नर्सिंगवाल्या मुली मागे, आणि बाहेर पडताना कोणी कोणाशी बोललेलं नसतं. अशा कार्यक्रमाला आंतरव्यावसायिक म्हणू नये. तिथे जागा एक असते, शिकणं वेगवेगळंच होतं.

अडचण 'एकमेकांकडून' शिकण्याची आहे. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाने नर्सिंगच्या मुलीकडून काही शिकायचं, ही कल्पनाच अनेक विभागप्रमुखांना सहन होत नाही.

खरं तर हे शिक्षण रोज होतं, पण चोरून. पहिली सलाईन लावताना इंटर्नचा हात थरथरतो, तेव्हा त्याचा हात धरून शीर दाखवणारी बहुधा वॉर्डातली जुनी सिस्टर असते. कुठल्या रुग्णाकडे आधी धाव घ्यायची, कुठल्या नातेवाइकाशी आवाज खाली ठेवून बोलायचं, रक्त मागवायला कोणाला फोन लावला तर लवकर येतं, हे सगळं तीच शिकवते. इंटर्नच्या लॉगबुकात मात्र तिचं नाव कुठेच येत नाही. सही सरांची.

ही सिस्टर चूक दाखवते तीही प्रश्नाच्या आडून. "सर, पोटॅशियमचं काही लिहायचं का?" म्हणजे पोटॅशियम खाली गेलंय आणि तुमच्या ते लक्षात आलेलं नाही. "डॉक्टर, डोस एवढाच ना?" म्हणजे डोस चुकलाय. अनुभवी डॉक्टर हा इशारा ओळखतो. नवखा "हो, एवढाच" म्हणून सही करतो. सरळ वाक्यात सांगायची सोय तिला कोणी दिलेली नाही, आणि सरळ वाक्य ऐकून घेण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. पदांची उतरंड आहेच, तिला स्त्री-पुरुष भेदाची जोड आहे, आणि मावशी-मामांपर्यंत उतरलं की जातीचीही. आपल्या रुग्णालयांत गप्प बसणं हे कामाच्या शिस्तीसारखं शिकवलं जातं. ही शिस्त माणसं मारते.

इंग्लंडमध्ये या शिस्तीने काय केलं, याची नोंद आहे. एलेन ब्रोमिली ही तरुण आई २००५ मध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, फुप्फुसात हवाही जाईना. अशा वेळी गळ्याला छेद देऊन वाट करायची असते. खोलीत अनुभवी डॉक्टर होते आणि ते पुन्हा पुन्हा नळीच घालत राहिले. एक परिचारिका गळ्याला छेद देण्याचा संच घेऊन आली. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. काय करायला हवं हे परिचारिकांच्या ध्यानात आलं होतं. ते डॉक्टरांच्या गळी कसं उतरवायचं, हे त्यांना कळलं नाही. एलेन शुद्धीवर आली नाही, आणि काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक होता. विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने कप्तानाला टोकायचं असतं, त्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं जातं. रुग्णालयात तसं काहीच नाही, हे पाहून त्याने पुढची कित्येक वर्षं या कामात घातली.

त्याआधी इंग्लंडमध्येच ब्रिस्टलचं प्रकरण झालं होतं. तिथल्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी झाली. १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा तीसएक बाळं जास्त दगावली, असा निष्कर्ष निघाला. एका भूलतज्ज्ञाने आधीच धोक्याची सूचना दिली होती, ती कोणी मनावर घेतली नाही. ही चौकशी करणाऱ्या इयन केनेडींच्या २००१ च्या अहवालात शस्त्रक्रियेच्या शिफारशी होत्याच, शिवाय निरनिराळ्या आरोग्य व्यवसायांनी शिक्षणाच्या काळातच एकत्र शिकावं असंही होतं. बाळांच्या मृत्यूंच्या चौकशीतून अभ्यासक्रमाची शिफारस निघते, याचा अर्थ आपल्या कुलगुरूंनी नीट लावायला हवा.

शस्त्रक्रियागृहात आता जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी लावलेली दिसते. २००८ ची, १९ मुद्द्यांची. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. १९ मुद्द्यांतला एक असा: छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. अनेक ठिकाणी हाच मुद्दा न करता खूण केली जाते. "आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो की!" ओळखत असाल तर त्या सिस्टरचं नाव सांगा.

आता करून दाखवलेल्यांकडे बघा. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ मध्ये आरोग्यशास्त्राची विद्याशाखा सुरू करताना पहिले दहा आठवडे सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवलं. डॉक्टर, परिचारिका, फिजिओ होणारी मुलं पहिल्याच सत्रात एका गटात बसून प्रश्न सोडवू लागली. १९९६ मध्ये तिथे याच्याही पुढचं पाऊल पडलं. अस्थिरोग विभागातला एक वॉर्ड विद्यार्थ्यांच्या हाती दिला गेला. शेवटच्या टप्प्यातले वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी दोन आठवडे मिळून तो चालवतात. देखरेखीला शिक्षक असतातच. पण सकाळी रुग्णाला अंघोळ घालण्यापासून राऊंड घेऊन घरी कधी सोडायचं हे ठरवण्यापर्यंत सगळं त्या गटाने करायचं. डॉक्टर होणारा मुलगा तिथे बेडपॅनही उचलतो. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला उठवून बसवायला किती वेळ लागतो, हे त्याला कळतं. मग तो "उद्या चालवा" असं एका ओळीत लिहून मोकळा होत नाही.

हे स्वीडनला परवडतं, आपल्याला कुठलं, असं म्हणणाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जामखेडला जाऊन यावं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, तेव्हा भाग दुष्काळी आणि पैसा बेताचा. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावात फिरणाऱ्या पथकात डॉक्टर, नर्स आणि सामाजिक कार्यकर्ते बरोबर असत, आणि गावातल्या बाळंतपणाची, कुपोषित पोराची, कुष्ठरुग्णाची बित्तंबातमी त्या सेविकेकडे असे. डॉक्टरने तिचं ऐकायचं आणि तिने डॉक्टरला विचारायचं, असा तो व्यवहार होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक शिकायला जामखेडला येऊ लागले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी जामखेडचं नाव सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पाच गुणांच्या टीपेत कोंबलं.

सरकारी कागदावर इच्छा आहे, हे मान्य करतो. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य ही त्यातली एक. एटकॉम नावाचा वृत्ती, नीती आणि संवादाचा भाग आहे, त्यात आरोग्य पथकात काम करण्यावर एक धडाही आहे. तो धडा ज्या वर्गात शिकवला जातो, त्या वर्गात फक्त एमबीबीएसची मुलं असतात. पथकातले बाकीचे शेजारच्या इमारतीत स्वतःचा धडा गिरवत असतात.

२०१९ ते २०२३ या काळात संसदेने आरोग्यशिक्षणाचे जवळजवळ सगळे कायदे नव्याने लिहिले. वैद्यकीय आयोग २०१९ चा, भारतीय चिकित्सापद्धती आणि होमिओपॅथीचे २०२० चे, संलग्न आरोग्य व्यवसायांचा २०२१ चा, नर्सिंग आणि दंतशास्त्राचे २०२३ चे. फार्मसी अजून १९४८ च्या कायद्यावर उभी आहे. पाच वर्षांत सगळी घरं पाडून पुन्हा बांधली, आणि दोन घरांमध्ये दार ठेवायचं राहूनच गेलं. वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात वर्षातून एकदा होमिओपॅथी आणि भारतीय चिकित्सापद्धतींच्या परिषदांसोबत संयुक्त बैठक घेण्याचं कलम आहे. त्या कलमात नर्सिंगचा उल्लेख नाही. रोज ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचं, त्यांच्याशी वर्षातून एकदाही बसायची गरज कायदा लिहिणाऱ्यांना वाटली नाही.

महाराष्ट्राला मात्र दिल्लीकडे बोट दाखवायचा अधिकार नाही. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी या सगळ्या विद्याशाखा एका कुलगुरूंच्या हाताखाली. असं छत्र सगळ्याच राज्यांकडे नाही. फार्मसी तेवढी बाहेर, दुसऱ्या विद्यापीठांकडे राहिली. तिच्यासाठी एक सामंजस्य करार पुरेल. पाव शतकाहून जास्त काळ एका छताखाली राहूनही परीक्षा, वेळापत्रकं, इंटर्नशिप सगळं वेगळं. मणिपालसारख्या ठिकाणी खासगी विद्यापीठाने या विषयाचे शिक्षक घडवण्याचा खास कार्यक्रम चालवला. इथे हुकमाचा एक्का हातात असून डाव सुरू झालेला नाही.

पुरावा मागणाऱ्यांशीही सरळ बोलायला हवं. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात या शिक्षणावरचे कसोटीला उतरणारे १५ अभ्यास सापडले. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र निकाल, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे हा रामबाण नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेने तर काहीच बदलणार नाही. पण वेगवेगळं शिकवण्याच्या बाजूने कोणता पुरावा आहे? तो कोणी मागितलाच नाही. चालत आलंय म्हणून चाललंय.

वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. वेळ आहेच, तो वाया चाललाय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं दत्तक दिली आहेत. सेवाग्रामने ही वाट फार आधी पाडली. तिथे विद्यार्थ्यांच्या तुकडीने गाव दत्तक घ्यायची रीत जुनी आहे. इकडे बीएस्सी नर्सिंगच्या मुलींनाही सामुदायिक आरोग्यासाठी घरभेटी असतात. फिजिओच्या मुलांनाही गावात जावं लागतं. एकाच संकुलातून तीन गाड्या निघतात. त्याच घरातल्या त्याच मधुमेही आजीला एका महिन्यात तिघं जण तेच विचारतात: वय किती, गोळ्या कुठल्या, संडास आहे का? आजी तिघांना चहा करते. तिच्या पायाला झालेली जखम कोणी बघायची, चप्पल कशी हवी हे कोणी सांगायचं, गोळ्यांची सरमिसळ कोणी सोडवायची, हे मात्र ठरतच नाही, कारण तिघं एकमेकांना भेटलेलेच नसतात. गावातल्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईला, तिघंही माहीत असतात. तिला कोणी विचारत नाही.

एक गाडी काढा. एमबीबीएसचा, नर्सिंगची, फिजिओचा, दंतचा, फार्मसीची, अशा पाच जणांना मिळून एक कुटुंब द्या, आशाताईला त्या गटाची शिक्षिका करा आणि तिला त्याचं मानधन द्या. एक फाईल, पाचांच्या सह्या. डिझेलही वाचेल.

आणि प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने दहा खाटांचा एक वॉर्ड वेगळा काढावा. मेडिसिनचा असो की अस्थिरोगाचा. इंटर्न, शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुली, फिजिओचे आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी यांनी तो दोन दोन आठवडे मिळून चालवावा. राऊंडला सगळे हजर. रुग्णाबद्दल आधी त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ असलेल्याने बोलायचं, म्हणजे परिचारिकेने, आणि डॉक्टरने शेवटी. घरी सोडताना रुग्णाच्या बायकोला गोळ्या, पथ्य, व्यायाम आणि धोक्याची लक्षणं मराठीत समजावून सांगायची जबाबदारी गटाची. तिने ती परत नीट सांगितली, तरच डिस्चार्ज कार्डावर सही व्हावी.

यासाठी कायदा बदलायला नको. नवी इमारत नको, निधीची वाट बघायला नको. विद्यापीठाच्या विद्यापरिषदेत एक ठराव लागतो आणि चार अधिष्ठात्यांनी एका दुपारी एकत्र बसून वेळापत्रक जुळवावं लागतं. खरा विरोध वेळापत्रकाचा नाहीच, मूल्यमापनाचा आहे. डॉक्टरला नर्सने गुण द्यायचे, हे कित्येकांच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून ठराव तिथूनच सुरू करा: या दोन आठवड्यांचं इंटर्नचं मूल्यमापन वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने आणि फिजिओथेरपीच्या शिक्षकानेही करावं, नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं डॉक्टरनेही करावं, आणि लॉगबुकात इन्चार्ज सिस्टरची नावासकट सही नसेल तर इंटर्नशिप पूर्ण धरू नये.